खाकी सदऱ्याचा खिसा

ती घटना आठवली की आजही मी गोळी घेण्याआधी तिच्यावरचं नाव वाचतो. तेव्हा अमरावतीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळीच अकोल्याहून एका बाईचा फोन आला. "साहेब, माह्या बाबाले भावजयीनं काहीतरी चारलं. तिले सोडू नका!"

पाठोपाठ दवाखान्यातूनही खबर आली. एसटीचे एक निवृत्त चालक, गाव वलगाव. उलट्या, नाडी फार मंद, विषबाधेचा संशय. स्टेशन डायरीत नोंद करून मी निघालो. म्हातारबुवा गुंगीत होते, जबाब देण्याच्या स्थितीत नव्हते. हृदय कमजोर असल्यामुळे त्यांना कायमची औषधं चालू होती, एवढं कळलं.

त्यांच्या घरी पंचनाम्यात फवारणीच्या औषधाची बाटली सापडली. घरची थोडी शेती होती आणि वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरी ती असायचीच, पण तोवर अकोल्याहून फोन करणारी लेक अंगणात येऊन पोचली होती आणि बाटली पाहून तिने आकांत मांडला. अर्धं गाव गोळा झालं. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, घरात सून एकटी. लोकांनी तिला कधीच गुन्हेगार ठरवलं होतं.

महिला शिपाई सोबत घेऊन मी तिची विचारपूस सुरू केली. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी बहुधा रडतो नाहीतर शपथा घेतो. ही बाई चिडली. "औषधाच्या गोया माह्याच हातानं देल्या, रोजच्यासारख्या. जहरच द्याचं असतं तर इतके वर्ष डॉक्टरच्या चकरा कावून मारल्या असत्या?"

मला ते पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. म्हटलं, "जेवल्यापासून झोपेपर्यंत सासरे काय करतात, सगळं सांगा."

"काही नाई. खुंटीवरचा तो जुना खाकी सदरा चाचपतात. मले वाटे, बिडी शोधून राह्यले."

मी पंचांसमोर सदऱ्याचा खिसा तपासला. बिडी नव्हती, गोळ्यांची पाकिटं होती. ती पाहताच लेक पुढे आली.

"ह्या तं म्याच आणल्या. बाबा दिवाळीले आले तवा अकोल्याच्या डॉक्टरले दाखवलं होतं."

अमरावतीच्या गोळ्या चालू आहेत हे म्हातारबुवांनी अकोल्याच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. कंपन्यांची नावं वेगळी, औषध एकच. कमजोर हृदयाला ते जोर देतं, पण नेमक्या मात्रेतच. जास्त झालं की नाडी मंदावते, उलट्या होतात. रक्ततपासणीत तेच निघालं. विषाचा मागमूस नव्हता.

म्हातारबुवा शुद्धीवर आले. मला पाहून हात जोडून म्हणाले, "जयभीम साहेब. सुनेचा काही दोष नाई. लेकीनं मायेनं आणलं, थे फेकू कसं? अन् सुनेनं हातावर ठेवलं, तिले नाई म्हणू कसं? म्या दोघीचंबी मन राखलं."

मन राखता राखता जीव गमावून बसला असता हा माणूस, आणि सून गजाआड!

मी सुनेला विचारलं, नणंदेविरुद्ध तक्रार द्यायची आहे का? ती म्हणाली, "तक्रार कायची, साहेब? बाप मरून राह्यला म्हून बोलली थे. माह्या बापाचं असं झालं असतं तं मी का चूप बसली असती?" आणि तिने रडणाऱ्या नणंदेच्या हातात चहाचा कप दिला.

नोकरीत मी बरीच माणसं पाहिली, पण इतक्या मोठ्या मनाची थोडीच. संशयावर भिस्त न ठेवता तपासणारे ते डॉक्टर, ती सून आणि ते भाबडे म्हातारबुवा, तिघांचेही माझ्यावर उपकार आहेत. कारण आता मीही हृदयाच्या गोळ्यांवर आहे. घरात सून गोळ्या देते, मुलगी सासरहून काळजीने नवं काही ना काही आणते.

परवाही तिने गोळ्यांचं एक पाकीट आणलं. माझा हात आपसूक खिशाकडे गेला होता. मग मी ते टेबलावर, सून माझ्या गोळ्या ठेवते त्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणालो, "दोन्ही उद्या डॉक्टरांना दाखवू."

दोघींपैकी एकही रागावली नाही.