अधांतरी ठेवलेलं यान

आमच्या घरात नाताळला गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आपोआप आलं. मला गाता येत नाही, आणि करंज्या माझ्या हातून तळताना फुटतात. लग्न न झालेल्या काकानं सणाला निदान कशाला तरी उपयोगी पडावं, एवढीच अपेक्षा.

भावंडांची मुलं लहान असताना मी गोष्टीत एक यान आणलं. परग्रहावरचं. तिकडचा सूर्य विझलेला, उरलेसुरले सगळे त्या यानात. ते आमच्या केडगाववर येऊन थांबतात आणि विचारतात, "उतरू का?" ऐकू येतं फक्त एका माणसाला. टक्कल पडलेला, एकटा राहणारा. माझ्याशी साम्य आढळल्यास योगायोग समजावा. हो म्हणावं, तर त्यांच्या श्वासातल्या रोगानं माणूसजात संपेल कदाचित. नाही म्हणावं, तर ते संपणार, नक्की. तो उत्तर द्यायच्या बटणाकडे बोट नेतो... आणि मी म्हणायचो, "चला, जेवायला. उरलेलं पुढच्या नाताळात."

पोरं चिडायची, आणि पुढच्या नाताळात यायची.

मग दहाव्या-बाराव्या आल्या, पुण्याची होस्टेलं आली, एकजण तर कॅनडाला गेला. यंदा चर्चमधून माझ्याबरोबर घरी आली ती एकटी धाकटी पुतणी. नर्सिंग झालंय तिचं. आता जर्मनीला नोकरीला निघालीय. दुपारच्या बसनं पुण्याला परत जायचं होतं. जेवून हात धुतले आणि म्हणाली, "काका, ते यान उतरव आज."

"घाई काय आहे? माणूसजातीचा प्रश्न आहे."

"अरे, त्यात म्हातारी माणसं असतील, बाळंतिणी असतील. एवढी वर्षं खातायत काय ते?"

"कॅप्सूल," मी सुचेल ते ठोकून दिलं.

"कॅप्सूल! माणूसजातीचं नाव पुढे करू नकोस. आम्ही यावं म्हणून तू त्यांना वर टांगून ठेवलंयस."

तोंडात लाडू होता म्हणून बरं.

मग तिनंच व्यवस्था लावली. पारनेरकडच्या मोकळ्या माळावर उतरवायचं, वस्तीपासून लांब, आधी सगळ्या तपासण्या. मी म्हणालो, "आणि पहिल्यांदा आत तो बटणवाला जाईल. त्यांच्यात राहील. जगला, तर कुणालाच धोका नाही."

"तोच का?"

"त्याच्यामागे रडायला कुणी नाही. स्वस्तात पडतो."

मला वाटलं, हसेल. हसली नाही. "एकटा आहे म्हणून त्यालाच पुढे करायचं? आमच्या वॉर्डात असं कुणी बोललं असतं, तर मी भांडले असते."

"मग कुणाला पाठवू? सांग."

तिनं घड्याळाकडे पाहिलं, बसची वेळ होत आली होती. शेवटी त्याला मीच आत पाठवला, त्याच्या मर्जीनं जातोय असं सांगून. यान उतरलं. गोष्ट संपली. तिनं बॅग उचलली.

बसस्टँडच्या रिक्षात बसता बसता तिनं विचारलं, "काका, पण तो जगला का?"

'उरलेलं पुढच्या नाताळात' हे जुनं वाक्य अगदी जिभेवर आलं. जर्मनीहून सुट्टी मिळाली असती, नसती. पण हे विचारायला तरी एखादा फोन आला असता. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोरगी खरंच काळजीत होती. परक्या देशात जाताना ही काळजी तिच्या बॅगेत कशाला कोंबायची?

"जगला की! ठणठणीत आहे. त्यांची भाषा शिकतोय आता."

"नक्की?"

"नक्की."

रिक्षा पुणे रस्त्याला लागली. माझ्याकडे सांगायचं आता काहीच शिल्लक नव्हतं.