बोरकर काकांच्या गाडीची मागची कांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी लोकांत मी ‘गाड्यांतला माणूस’. खरं म्हणजे एकच जुनी गाडी दुरुस्त केली होती, तीही व्हिडिओ बघून. पण कौतुक गोड लागतं — लागतं ना?

बोरकर काका नागपूरचे. रिटायर झाले आणि तरुणपणापासून मनात असलेली गाडी त्यांनी घेतली — पन्नास वर्षांपूर्वीची, लांब नाकाची, दांडग्या इंजिनाची मसल कार. वळणावर ती होडीसारखी कलायची. “तू सांगशील ते बसवू,” काका म्हणाले.

स्प्रिंग किती कडक हवी, स्वे बार — गाडी कलू नये म्हणून खाली बसवतात ती लोखंडी कांब — किती जाड हवा, मला काही ठाऊक नव्हतं. ‘माहीत नाही’ म्हणायला काय जात होतं? रेसच्या एका गाडीचा सेटअप बघितला आणि तसंच ठोकून दिलं: मागे कडक स्प्रिंग, जाड कांब, पुढचं राहू दे.

मेकॅनिकने मला बाजूला घेऊन बजावलं — पुढचं मऊ, मागचं इतकं कडक. ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग फिरेल. “काय म्हणतोय रे?” काकांनी लांबून विचारलं.

“काही नाही काका, बढिया आहे म्हणतोय.”

तीन आठवड्यांनी, पावसात, हायवेच्या रॅम्पवर गाडी गर्रकन फिरली, कठड्यावर आदळली. शेजारी बसलेल्या काकूंचा खांदा मोडला.

हॉस्पिटलमध्ये त्यांची मुलगी ओरडत होती, “डॅड, यू वर स्पीडिंग!” काका म्हणत होते, “अगं, हळूच होतो मी.” मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच तज्ज्ञ ना! आणि मी — लिहितानाही शिसारी येते — काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “काका, ह्या वयात स्पीडचा अंदाज चुकतो.”

त्यांचं तोंड उतरलं. “असेल बुवा,” म्हणाले.

तिथेच थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मोडकी गाडी विकायला काढली, तेव्हा मदतीच्या नावाखाली गेलो, मागची कांब स्वतःच्या हाताने काढली आणि फेकून दिली. काकूंनी एका हाताने चहा केला. मी तो प्यायलो — दोन कप.

काकांनी साधी गाडी चालवणंही सोडलंय. काकूंचा हात वर जात नाही. केस बांधता येत नाहीत म्हणून त्यांनी कापून टाकलेत. शनिवारी मीच दोघांना भाजीला नेतो. लोक म्हणतात, परक्यांसाठी किती करतो हा!

मागच्या शनिवारी काका गाडीत म्हणाले, “तू इतकं छान बसवून दिलं होतंस. मीच वाया घालवलं रे.”

“जाऊ द्या काका,” मी म्हणालो.