आत्याचं पद वाचावं म्हणून

ऑफिसात माझ्या टिपणीचं कौतुक होतं. मोजकं लिहितो, खाडाखोड नसते, वरच्या साहेबांना पुन्हा बोलावून विचारावं लागत नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा निरोपाच्या भाषणात हेच सांगतील, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नाही. आजवर फायलींवर किती ओळी लिहिल्या असतील देव जाणे, पण त्यातली एकच मला तोंडपाठ आहे. ‘अपत्य दत्तक दिल्याने त्याचा जन्म रद्द होत नाही, सबब उमेदवार अपात्र.’

मी आस्थापना शाखेत आहे. सरकारी नोकरीत नव्याने येणाऱ्या माणसाकडून आम्ही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लिहून घेतो. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर नोकरी नाही. हा नियम नवा होता तेव्हा वाहनचालकाच्या जागेसाठी आलेल्या एका माणसाने तिसरं मूल भावाला दिल्याचे कागद आणले होते. टेबलासमोर उभा राहून तो पुन्हा पुन्हा सांगत होता, “साहेब, ते आता माझं नाहीच. मला काका म्हणणार ते.” मी मान वर न करता ती ओळ लिहिली. साहेबांनी वाचून ‘वा’ म्हटलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो माणूस कागद गोळा करून कधी गेला ते मी पाहिलंही नाही.

आमचं स्वतःचं कुटुंब सरकारच्या अपेक्षेपेक्षाही लहान होतं. वारज्यातल्या दोन खोल्यांत मी आणि बायको. लग्नाला अकरा वर्षं झालेली, तपासण्या करून करून दोघंही थकलेले. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. शाखेतले एक जण चहाच्या वेळी म्हणायचे, “तुमच्या प्रतिज्ञापत्राला काही अडचणच नाही बुवा!” सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी येऊन ते बायकोला कधी सांगितलं नाही. तीही शाळेत शिकवायची, तिथे तिला काय ऐकावं लागत होतं ते तिनेही मला सांगितलं नाही.

माझी धाकटी बहीण लोणी काळभोरच्या पुढच्या एका गावात दिलेली आहे. तिला एक मुलगा, एक मुलगी. त्या वर्षी गावातली राखीव जागा बाईसाठी सुटली आणि वस्तीने तिला उभं केलं. ग्रामपंचायतीत बसणारी ती त्या वस्तीतली पहिली बाई. निकालाच्या दिवशी विहारासमोर निळा गुलाल उधळला, तो तिच्या केसांतून आठवडाभर निघत नव्हता. तिला एकच काम करायचं होतं. गावाची पाइपलाइन पक्क्या रस्त्यापर्यंत येऊन थांबली होती, ती वस्तीपर्यंत न्यायची होती.

दोन मुलांवर ती थांबणारच होती. ऑपरेशनच्या शिबिरात नावही घातलं होतं, पण ते नेमकं प्रचारात आलं. टाके घेऊन दारोदार कशी हिंडणार? “निवडणूक झाली की करून टाकते,” म्हणाली. निवडणूक झाली आणि मग लक्षात आलं की दिवस गेले आहेत. नवऱ्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन ती परत आली. “मला न्हाई जमलं, दादा,” एवढंच म्हणाली. नियमाप्रमाणे तिसरं मूल झालं की सदस्यत्व जाणार होतं.

सरकारी कागद म्हटलं की आमच्या घरात सगळे माझ्याकडे येतात. तीही आली. आमच्या बाहेरच्या खोलीत, सुजलेले पाय खुर्चीखाली लपवत बसली आणि म्हणाली, “दादा, काही मार्ग हाय का?”

मी म्हणालो, “मूल कागदोपत्री दुसऱ्याचं झालं तर पद जाणार नाही.”

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो, ते तोंडातून निघून गेलं. पण निघून गेल्यावर मी ते मागेही घेतलं नाही. आत पोळ्या लाटायचा आवाज थांबला होता.

बहिणीला बसमध्ये बसवून मी परत आलो तर बायको दारातच उभी. “अहो, खरंच तिचं पद वाचतंय का? वाचत असेल तर मी घेते. नाहीतर कुणाच्या अंगावरचं लेकरू ओढून आणलेलं मला नको.”

“वाचतंय,” मी म्हणालो.

मनाशी मी म्हणत होतो की नोकरीचा नियम वेगळा, पंचायतीचा वेगळा, तिथे चालतही असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. पण हे समाधान नारायण पेठेपर्यंतच टिकलं. तिथल्या एका वकिलांकडे दत्तकपत्र करायला गेलो तेव्हा मुलगी दीड महिन्याची होती. वकिलांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, “कुणाचं पदबिद वाचवायला करताय, की मूल पाहिजे म्हणून?”

“फरक पडतो का?”

“पद वाचवायला असेल तर उगाच कागद खराब करू नका, उपयोग शून्य. मूल पाहिजे असेल तर पक्कं होईल. नंतर कुणाच्या बापाला मोडता यायचं नाही. बोला, काय लिहू?”

बहीण बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून मुलीला पाजत होती. दार उघडंच होतं. तिने ऐकलं असेल या भीतीने मी दाराकडे पाहिलं. मी आवाज खाली आणून म्हणालो, “मूल पाहिजे म्हणून.”

बहिणीने काही ऐकलं नव्हतं. आत येऊन तिने सही केली, तिच्या नवऱ्याने केली. कागद दोघांनीही वाचला नाही. दादाने केलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला? मुलीला माझ्या बायकोच्या हातात देताना तिने दुपटं नीट केलं, मग पुन्हा एकदा नीट केलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. दोरीवर लंगोट वाळत असायचे आणि मी ऑफिसातून येताना ते रस्त्यावरूनच बघायचो. विहारात वंदना घेऊन नाव ठेवलं तेव्हा बहीण आली होती. आत्या म्हणून तिनेच मुलीच्या कानात नाव सांगितलं. जेवायला मात्र थांबली नाही.

मुलगी वर्षाची व्हायच्या आत, निवडणुकीत पडलेल्या एकाने तक्रार केली. सुनावणीला मी बहिणीबरोबर गेलो. दत्तकपत्र तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. अधिकाऱ्यांनी ते दोन मिनिटं चाळलं. “बाई, मूल कुणाकडे वाढतं ते आम्ही बघत नाही. जन्म कुणी दिला ते बघतो.” माझंच वाक्य, फक्त मराठी जरा कच्ची.

सदस्यत्व गेलं. बाहेर आल्यावर तीच मला समजावू लागली. “जाऊ दे, दादा. तू किती पळापळ केलीस माझ्यासाठी.” समोरच्या गाडीवर तिने मला उसाचा रस पाजला. मी तो प्यायलो.

पुढच्या आठवड्यात ती वारज्याला आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मुलगी सतरंजीवर रांगत होती, ती आत्याच्या पायाशी येऊन तिच्या साडीचे काठ ओढू लागली. बहीण तिच्याकडे बघत म्हणाली, “आता पद तर गेलंच...” आणि थांबली.

मी पटकन म्हणालो, “एकदा झालेलं दत्तक मोडता येत नाही. कायदाच आहे तसा.”

कायदा होताच तसा. पण मुलीला उचलून आईच्या मांडीवर ठेवायला कुठला कायदा आडवा येत होता? मला ते कळत होतं. तिने घाईघाईने मान हलवली. “न्हाई न्हाई, मी तसं न्हाई म्हणत, दादा.” माझी बायको तेवढ्यात बाहेर आली, तेव्हा बहीण उठून पायात चपला घालत होती.

मुलगी दहा वर्षांची झाल्यावर आम्ही तिला सांगितलं. आत्याचं पद वाचावं म्हणून तू आमच्याकडे आलीस, पण वाईट माणसांनी तक्रार केली. तिला त्याचं दुःख झालं नाही, उलट अभिमान वाटला. मैत्रिणींना सांगायची, मी आत्याच्या इलेक्शनसाठी आले. मी गावाकडे गेलो की बहीण तिच्यासाठी हमखास पिशवी भरून द्यायची. भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, कधी नुसती कढीपत्त्याची जुडी. पिशवी देताना ती एकच विचारायची, “खाती ना नीट?” मी “हो” म्हणायचो. पाइपलाइन बरीच वर्षं पुढे सरकली नाही. नंतर कुणीतरी ती नेली आणि स्वतःच्या नावाचा फलक लावला.

मुलगी आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात एकदा कॉलेजातून आली, बॅग न काढताच माझ्यासमोर बसली. “बाबा, आज लेक्चरला दोन मुलांचा रूल होता. मूल दत्तक दिलं तरी काउंट होतं. सर म्हणाले, हे बेसिक आहे.”

मी पेपर वाचत होतो, तो वाचतच राहिलो.

“तुम्ही तेव्हा त्याच टेबलावर होतात ना?”

“होतो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.” आवाज चढलेला नव्हता. “आत्याला माहीत आहे का, की तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“आणि आईला?”

आत पोळ्या लाटायचा आवाज थांबला होता, तेव्हासारखाच. मुलगी उठली. “आधी आत्याला सांगा. मग मी तुमच्याशी बोलते.”

त्या रविवारी मी हडपसरला बस बदलून गावी गेलो. बहीण ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. टिपणी लिहावी तसं क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. तो वाहनचालक, माझी ती ओळ, नारायण पेठेतले वकील, उघडं दार. ती शेंगा निवडत राहिली. खराब एका बाजूला, चांगल्या एका बाजूला. माझं सांगून झालं तरी तिचे हात थांबले नाहीत.

मग म्हणाली, “मिटिंगला बसले की पदर भिजायचा माझा. समोर सगळे बाप्ये. मी फाइल छातीशी धरून बसायचे. वाटायचं, असू दे, वस्तीत नळ येईल.”

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

“मागितली असतीस तर दिली असती रे, दादा. वहिनीकडं बघून दिली असती. पण तू मागितली न्हाईस.”

निघताना नेहमीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मी सवयीने हात पुढे केला. तिने पिशवी उचलून आत नेली. “ही न्हाई देत आता. तिला म्हणावं, येऊन घेऊन जा.” बस थांब्यापर्यंत ती नेहमी येते. त्या दिवशी आली नाही.

घरी येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. बायकोने मला एवढंच विचारलं, “वाचतंय म्हणाला होतात ना?” तेव्हापासून ती ताट वाढते आणि आत जाऊन बसते. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या बॅगेत चार कपडे भरून गावी गेली.

त्याला तीन आठवडे झाले. कॉलेजला ती तिथूनच ये-जा करते. संध्याकाळी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. मागे भांड्यांचा आवाज असतो आणि माझी बहीण तिला जेवायला हाक मारत असते. ‘आले’ म्हणून ती फोन ठेवते. तिथे मुलगी माझ्या बहिणीला काय म्हणून हाक मारते, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.