संताला फुटलेला घाम

मार्थाबाईचा नवस ऐकला गेला, तिथंच सगळं बिघडलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा विल्सन, चाकणच्या कंपनीतला फिटर, ऑक्सिजनवर गेला. चर्चला कुलूप. चिखलीतल्या खोलीत मार्थाबाईने संत सेबास्टियनच्या पुतळ्यापुढे डोकं आपटलं. साथीच्या रोगातून तारणारा संत तो. अंगभर बाण, तरी चेहरा शांत. "माझं लेकरू घरी आण, तुला दारोदार फिरवीन," ती म्हणाली. विल्सन घरी आला.

तिच्या माहेरची रीत अशी, की नवस फेडणारीने संताच्या पायांचा मुका आधी घ्यायचा, मग त्या घरातल्या सगळ्यांनी. मधे पुसायचं नाही, पुसलं की संत रुसतो. त्या दिवसांत तिला कालवणाची चव लागत नव्हती. नवसाच्या उपासाने तोंडाची चव गेलीय, असं तिने स्वतःला पटवलं. विल्सनचंही असंच सुरू झालं होतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण संताला थांब म्हणायचं कुणी!

गल्लीतल्या आपल्या माणसांच्या घरी ती पुतळा घेऊन हिंडली. शेजारची मोनिका, विल्सन आजारी असताना रोज डबा देणारी, बाटली घेऊन पुढे आली.

"काकू, नुसते पाय पुसून घेते."

"संताला सॅनिटायझर मारतीस? लाज न्हाई वाटत?"

मोनिका ओशाळली. वाकली, मुका घेतला.

पुढच्याच पंधरवड्यात मोनिका गेली. तोंडही बघायला मिळालं नाही. मार्थाबाईचं मात्र खोकल्यावर निभावलं. गल्ली म्हणाली, संताने तिचं घर राखलं. तिने कुणाचं बोलणं खोडलं नाही.

एका संध्याकाळी दार लावून तिने पुतळा नळाखाली धरला, साबणाने पाय खसाखसा घासले. तेवढ्यात दार वाजलं. मोनिकाचा नवरा आंतोन, डोळे लाल, खोकत उभा.

"काकू, संत द्या. पोरीला अजून काय झालं न्हाई. तिला तरी वाचवू द्या त्याला."

मग त्याचं लक्ष गेलं. "हा ओला कशानं?"

आता खरं सांगायचं, तर मोनिकाला पुसू दिलं नाही, तेही सांगावं लागणार. मार्थाबाईची जीभ वळली ती भलतीकडेच.

"घाम फुटलाय त्याला. आपल्यासाठी झटतोय."

आंतोन उंबऱ्यातच गुडघ्यावर आला. रडत, खोकत त्याने पायांवर ओठ टेकले, टेकूनच ठेवले. मग पुतळा उराशी धरून घराकडे पळाला. "अपेक्षा, ये बाळा, पप्पी घे लवकर, वाळायच्या आत!"

"पुसून घे रे," एवढेच शब्द मार्थाबाईच्या ओठांवर आले होते. तिने दार लावून घेतलं.