बाबांचा उतरलेला चष्मा

जुईनगरच्या आमच्या घरात चष्मा एकाच माणसासाठी विकत घेतला जायचा, बाबांसाठी. महाप्याच्या कंपनीत दरवर्षी त्यांची तपासणी व्हायची. डोळे, रक्त, प्रेशर, सगळं. नंबर बदलला की त्यांना नवा चष्मा, आणि उतरलेला आईला. कंपनी कामगाराला तपासते. त्याचा डबा भरणारीला कोण तपासणार? संघटनेची पत्रकं लिहिते मी, असे प्रश्न माझ्याकडे तयारच असतात.

आईला त्यात काही गैर वाटत नसे. "नवऱ्याच्या नजरेनं जग बघते, अजून काय पाहिजे?"

मग ती चहा कपाबाहेर ओतायला लागली. चष्म्याच्या दुकानात कुठलीच काच तिला लागेना. दुकानदार म्हणाला, "हे नंबरचं काम नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या." आम्ही तिघंही गेलो.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आईच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड पाडून बघितलं.

"काकू, शुगर किती वर्षं आहे?"

"मला? छे हो. मी तर चहापण बिनसाखरेचा पिते."

"शेवटची कधी तपासली?"

आईने बाबांकडे बघितलं. "यांची नॉर्मल असते."

बाबांनी मान डोलावली. खरंच डोलावली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या उघड्या दिसतात, म्हणाल्या, एरवी त्या बघायला शरीर कापावं लागतं. आईच्या पडद्यावर रक्त झिरपलं होतं. साखर जुनी असणार. प्रेशर, किडनी, सगळंच बघून घ्या. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. साखर आवरली, तर उजवा लेझरने सांभाळता येईल.

मला चीड यायला हवी होती. माझं कामच ते. काही आलं नाही. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मी वरून खाली वाचत राहिले, मग खालून वर.

रक्त तपासलं. साखर निघाली, भरपूर.

लेझरच्या दिवशी बाबांनी रजा टाकली. आई यंत्रावर हनुवटी टेकवून बसली. "हलू नका हां, काकू." ती हलली नाही. मी दारात उभी होते.

बाहेर पडल्यावर बाबा तिच्या डावीकडून चालायला लागले.

"अहो, इकडून या," आई म्हणाली. "तिकडे असलात की दिसत नाही मला."

बाबा उजवीकडे आले.