चौदा हजार पावलं

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जिना शोधावा लागतो. लिफ्टसमोर संगमरवर, आरसे, खोट्या फुलांची कुंडी. जिना मात्र कचऱ्याच्या खोलीमागे, लोखंडी दाराआड. पनवेलजवळ, पळस्प्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या या सात टॉवरांपैकी तिसऱ्यात, अकराव्या मजल्यावर मी राहतो. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून तळघरातली गाडी, गाडीतून बेलापूरचं ऑफिस, तिथे परत लिफ्ट आणि मग खुर्ची. संध्याकाळी हेच सगळं उलटं. नऊ वर्षं पोटातलं पाणी न हलता मी जगलो आणि पोट तेवढं वाढत गेलं. त्यात नवल ते काय?

खाण्याचं तर बोलायलाच नको. कांदा चिरायचा कंटाळा आला म्हणून आम्ही बिर्याणी मागवतो. ती आणणारा बिचारा गेटवर अडवला गेला, तर गेटपर्यंत जायचं कोणी यावर नवरा-बायकोत वाद होतो. कोथिंबिरीची जुडीसुद्धा दहा मिनिटांत दारात येते. ऑफिसात रोज कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून रोज केक. चार वाजता झोप येते म्हणून सामोसा, सामोशाने सुस्ती येते म्हणून दोन चमचे साखरेची कॉफी. शनिवारी सगळे जण 'या आठवड्यात फार स्ट्रेस झाला' म्हणत हॉटेलात जाऊन बसतात. स्ट्रेस कसला, डोंबलाचा. खुर्चीत बसून बसून माणूस थकतो, हा शोध आमच्याच पिढीने लावला.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं आणि मी सुखाने फुगत राहिलो असतो. पण ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जुन्या पनवेलात, बाजारापासून दोन गल्ल्या आत राहते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. दाजींना जुना मधुमेह, त्यामुळे किडनी द्यायला ते बाद. तिची मुलगी नुकती बाळंत झालेली. तिचं नाव काढलं तरी ताई अंगावर येई. उरलो मी. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. शहाण्णव किलो. रक्तदाब वर, साखर काठावर, यकृतावर चरबी.

"किडनी चांगली आहे तुमची," डॉक्टर म्हणाले, "पण माणूस तसा नाही. सहा महिन्यांत ऐंशीच्या खाली या. आला नाहीत तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

ताई शेजारीच बसली होती. ती हसून म्हणाली, "येईल हो तो खाली. लहानपणी एका जागी बसायचा नाही."

म्हणजे माझं वजन उतरलं तर ताई मशीनवरून उतरणार. एवढा सरळ हिशोब होता. पहिलीतल्या पोरालाही कळला असता.

मी जोरात सुरुवात केली. हातात पावलं मोजणारं, सिमकार्डवालं घड्याळ आलं, भारीतले बूट आले, घाम शोषणारे टीशर्ट आले. आमच्यासारख्यांचा व्यायाम खरेदीपासून सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथेच संपतो. घड्याळातली पावलं ताईच्या फोनवरही दिसतील अशी सोय मी स्वतःच करून दिली. "मशीनवर पडल्यापडल्या बघत जा, तुझा भाऊ किती चालतो ते," असं फुशारकीने सांगितलंही.

आमच्या सोसायटीत सकाळी चालणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात मी शिरलो. हे लोक चालायला वडाळे तलावावर जातात, पण तिथपर्यंत गाडीने. तलावाच्या अगदी कडेला गाडी लावायला जागा मिळावी म्हणून दोन चकरा गाडीनेच मारतात. मग तलावाला एक फेरी, तीही फोनवर बोलत, आणि ती संपली की सगळा गट मिसळीच्या दुकानात. 'एवढं चाललो, आता चालतंय' हे त्यांचं ब्रीदवाक्य. पहिल्या दिवशी मला ते हास्यास्पद वाटलं. चौथ्या दिवशी मी जादा पाव मागितला. पंधराव्या दिवशी मी फेरी वगळून थेट मिसळीला पोचलो, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात ते घडलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी खाडीकडच्या गावातल्या. त्यांची भातशेती कधीच कुठल्या कुठल्या प्रकल्पात गेली. आता त्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या तीन टॉवरमधली सात घरं सांभाळतात. कामवाल्या बायकांनी मोठ्या लिफ्टने जायचं नाही असा सोसायटीचा नियम आहे आणि सामानाची लिफ्ट कायम बंद असते. त्यामुळे तो कचऱ्याच्या खोलीमागचा जिना कोण वापरतं, तर मावशी. सकाळी सातला आधी आमच्याकडे भांडी, मग बाकीची घरं, आणि चारला परत आमच्याकडे कपडे वाळत घालायला.

त्या दिवशी घड्याळ मी बेसिनजवळ विसरलो. चार वाजता मावशींनी ते हातातून काढून माझ्या बायकोला दिलं. मी घरून काम करत होतो, म्हणजे पलंगावर लॅपटॉप घेऊन लोळत होतो.

"भिजंल म्हनून मीच हातान घातलं, दादा," त्या म्हणाल्या. "मंग काडाचं इसरले. काय बिगडलं नाय ना?"

काही बिघडलं नव्हतं. थोड्या वेळाने ताईचा फोन आला. डायलिसिसनंतर तिचा आवाज एरवी खोल गेलेला असे, त्या दिवशी खणखणीत होता. "अरे, चौदा हजार पावलं? एका दिवसात? शेजारच्या बेडवरच्या बाईंनाही दाखवलं मी. जपून हो, एकदम एवढं नको करूस."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. ताई, ते मी नाही, मावशी. एवढंच. ती हसली असती, मला चार शब्द सुनावले असते आणि मी दुसऱ्या दिवशी कदाचित खरंच चाललो असतो. मी म्हणालो, "नाही गं, सवय झालीय आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ स्वतः मावशींच्या हाताला बांधलं. बिघाड आहे का ते तपासायचंय, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगायचीही गरज उरली नाही. बायको म्हणाली, "अहो, लाज वाटू द्या थोडी." मी म्हणालो, ताईला तेवढंच समाधान, पुढच्या सोमवारपासून मी चालणारच आहे. असे किती सोमवार आले आणि गेले. दुपारी बसल्याबसल्या मी माझी पावलं वाढताना फोनवर बघत असे, आणि खोटं वाटेल, मला थकल्यासारखं व्हायचं. दमलोय म्हणून मी काहीतरी मागवायचोदेखील.

त्यात सोसायटीने चालण्याची स्पर्धा काढली. तीन महिने ज्याची पावलं जास्त तो विजेता. विजेता अर्थात मी. क्लब हाउसमध्ये कार्यक्रम झाला, आरोग्यावर भाषण झालं, भाषण करणाऱ्या गृहस्थांना दोन पायऱ्या चढून व्यासपीठावर येताना धाप लागली. माझ्या गळ्यात पदक घातलं आणि हातात पेढ्यांचा मोठा खोका दिला. मागे पावभाजीचा तवा तापलेलाच होता. दुसरा नंबर पाचव्या टॉवरमधल्या एका सद्गृहस्थांचा. त्यांचं घड्याळ त्यांच्या कुत्र्याच्या पट्ट्याला असे आणि कुत्र्याला फिरवायला पगारी माणूस होता. त्यांनी मला डोळा मारला. पन्नाशीला टेकलेले आम्ही दोघे फुगे, एक बाईच्या जिवावर जिंकलेला आणि एक कुत्र्याच्या. मंडळी टाळ्या वाजवत होती.

पदक टीव्हीशेजारी लागलं. मावशींनी ते पुसताना विचारलं, कशाचं आहे. बायकोने खरं काय ते सगळं सांगून टाकलं, ताईच्या आजारासकट. मावशी माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं.

"माजी पावलं तुमच्या ताईला लागत असतील तर घ्या की," त्या म्हणाल्या. "पन दादा, त्यांना किडनी तर तुमचीच द्याची हाय ना? माजी नाय."

त्यानंतर त्यांनी घड्याळ हातात घातलं नाही. मी ते कपाटात टाकलं आणि ताईला सांगितलं की चार्जर बिघडलाय. तिने तेही मानलं. "आता काय, सवय लागलीय तुला, घड्याळ नसलं तरी चालशील," म्हणाली. सहा महिने भरायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. तीन आठवड्यांत सोळा किलो उतरवायची आहारपत्रकं फोनवर रोज येतात. मी दोन दिवस नुसतं काकडी-गाजर खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा वचपा काढला.

तपासणीच्या दिवशी ताई नवी साडी नेसून आली. दाजींनी सगळ्या रिपोर्टांची फाइल नीट लावून आणली होती. मी सैल शर्ट घातला होता, जणू काटा शर्ट बघून वजन सांगतो. नर्सने आकडा वाचला आणि परत एकदा वाचला. नव्व्याण्णव.

"काटा बिघडलाय का?" ताईने विचारलं. तिला खरंच तसं वाटलं होतं. "हा रोज चौदा-चौदा हजार पावलं चालतो. मी स्वतः बघितलीत."

नर्स स्वतः काट्यावर उभी राहिली आणि उतरली. काटा ठीक होता. मग मी सांगितलं, तिथेच, त्या काट्याशेजारी उभं राहून. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. दाजी फाइल मिटून भिंतीकडे बघत राहिले. ताईच्या डाव्या हातावर सुया टोचून टोचून फुगलेली शीर आहे, तिच्यावरून ती पदर सारखा करत होती.

डॉक्टरांनी मला आत बोलावलंही नाही. अवयवदानाचं काम बघणाऱ्या मॅडम बाहेर आल्या आणि ताईला म्हणाल्या, "ठीक आहे, आता मृत दात्याच्या किडनीवरच भिस्त. वेटिंग लिस्टमध्ये तुमचं नाव आहेच ना? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन्हीकडे प्रयत्न ठेवा म्हणून."

"नाही नोंदवलं," ताई म्हणाली. "म्हटलं, आपला भाऊ आहे, एवढा चालतोय. ज्यांना कोणीच नाही त्यांच्या रांगेत आपण कशाला उभं राहायचं."

रांग तारखेप्रमाणे लागते, असं त्या मॅडमनी सांगितलं. आणखीही बऱ्याच गोष्टी बघतात म्हणाल्या, पण वाट किती दिवस पाहिली हे मोजलं जातं. म्हणजे आज नाव घातलं तर आजपासून. मागचे सहा महिने गेले. मी पावभाजी खाल्ली, पेढे खाल्ले, टाळ्या घेतल्या आणि त्यावर ताईचे सहा महिनेही खाल्ले.

फॉर्म आला. दाजींचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून तो माझ्यापुढे आला. रुग्णाचं नाव, वय, पत्ता, डायलिसिस कधीपासून. माझं अक्षर चांगलं आहे असं ताई लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलीय. दुसऱ्या पानावर प्रश्न होता, कुटुंबात दाता उपलब्ध आहे का. मी लिहिलं, नाही. त्याखाली एक ओळ मोकळी होती: नसल्यास कारण.

माझं पेन थांबलं. ताईने वाकून ती ओळ वाचली.

"वैद्यकीय कारण, असं लिही," ती हळू आवाजात म्हणाली. "हा कागद चार लोक वाचतात. तुला नावं ठेवतील."

मी तसं लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.