गरम टायरची हवा

मे महिन्यात आमच्याकडे टायरची हवा काढायची रीत होती. आमच्या सावली गावाहून निघालेली गाडी दुपारी चंद्रपूरला पोचली, की लोक उतरून टायरला हात लावत. चटका बसला की थोडी हवा सोडून देत. उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, असा समज.

जुनी ऑइल इंजिनं घेऊन विकायचा माझा धंदा मी शून्यातून उभा केला. माझ्या घासाघिशीतून आलेली वस्तू खोटी निघत नाही, हेच माझं भांडवल. माझ्या मोटारीचे चारही टायर मी चंद्रपूरच्या दुकानदाराशी अर्धा दिवस भांडून घेतले होते. नवे होते.

त्याच उन्हाळ्यात माझा थोरला चुलतभाऊ वरोऱ्याच्या लग्नाला माझी गाडी घेऊन गेला. वाटेत मागचा टायर फुटला. कुणाला लागलं नाही. पण त्याने मांडवात जेवणाऱ्या पंगतीला सांगितलं, की मी स्वस्तातले टाकाऊ टायर बसवले. आठवड्यात ही गोष्ट सावलीच्या बाजारात पोचली. इंजिन बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने हसत विचारलं, "टायरवानी तर नाई नं भाऊ?" आणि न घेता गेला. माझं डोकं फिरलं.

गाडी परत आली होती. पहाटे, टायर थंड असताना, मी उरलेल्या तिन्ही टायरांची हवा मोजली. गाडीच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर तीस पौंड लिहिले होते, मीटरवर तिन्हींत वीसच निघाले. टायर खराब असता तर एकच बसला असता. तिन्ही सारखेच बसले, म्हणजे हवा हातानेच काढलेली.

मी तडक त्याच्या अंगणात गेलो. तो खाटेवर चहा पीत होता. हवा काढली का, विचारलं.

"काढली नं. चटका बसून राह्यला होता. सगळेच काढतात."

मी सांगितलं, की चालून तापलेल्या टायरात हवा जास्तच दिसते, ती काढायची नसते. मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. कमी हवेचा टायर दबतो, बाजूने वाकत राहतो, जास्त तापतो आणि फुटतो. माणसांनी भरलेल्या गाडीत तर लवकरच.

"मंग आमचे टायर इतके वर्षं काऊन नाई फुटले?"

"तुमचा नशिबाचा धंदा हाय भाऊ. माहा धंदा तसा नाई. मांडवात जे बोलले, ते आता बाजारात येऊन वापस घ्या."

तो आला नाही. ते तीन टायर मात्र मी झिजून गुळगुळीत होईस्तोवर चालवले आणि ते फुटले नाहीत हे गिऱ्हाइकांना दाखवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलचेऱ्याच्या लग्नाला त्याला माझ्याच गाडीतून जायचं होतं. सगळे आत बसले. तो दार धरून उभाच राहिला.

"सकाळी हवा पाहिली काय?" त्याने हळूच विचारलं.

मांडवातलं बोलणं त्याने कधीच मागे घेतलं नाही. मी त्याला मीटर दाखवलं आणि पुढच्या सीटवर बसवलं.